दुपटीची दहा पावले

१, १.४१, २, २.८३, ४, ५.६६, ८, ११.३१, १६, २२.६३. ही ओळ एकदा मोठ्याने वाचून पाहावी. एलएम३९१५ नावाच्या, बोटाच्या पेराएवढ्या काळ्या आयसीच्या पोटात दहा रेझिस्टर एकावर एक रचलेले असतात. त्यांची तळापासून वर चढत गेलेली ही बेरीज आहे, किलोओहममध्ये. कागदावर ती रुक्ष दिसते, पण कानाने ऐकली की तिच्यातली चाल उमगते. एक आकडा सोडून पुढचा घेतला की दुप्पट झालेला सापडतो: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. मधले अपूर्णांक वाटेत अडखळल्यासारखे वाटतात खरे, पण तेही त्याच नेमाने चालतात. प्रत्येक पायरी आपल्या खालच्या पायरीच्या १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी उंच. स्पीकरला जोडायचा घरगुती एलईडी पॉवर मीटर म्हणजे या एका ओळीचा उजेडात केलेला पाठ आहे, आणि तो सावकाश ऐकण्याजोगा आहे.

दोनाचेच वर्गमूळ का, या प्रश्नात सगळी गोडी साठवली आहे. स्पीकरच्या तारांवर आपल्याला सापडते ते व्होल्टेज. आपल्याला हवे असतात वॉट. वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणून व्होल्टेज १.४१ पट झाले की वॉट बरोबर दुप्पट होतात. आयसी रचणाऱ्याने हा वर्ग मोजण्याची खटपट केलीच नाही. त्याने पायऱ्याच अशा कापल्या की चढणाऱ्याचा हिशोब आपोआप व्हावा. प्रत्येक पायरीवर एक कंपॅरेटर पहारेकऱ्यासारखा बसला आहे. आलेले व्होल्टेज माझ्या उंबऱ्याच्या वर की खाली, एवढेच त्याला कळते. वर असेल तर तो आपला दिवा लावतो. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या माहितीपत्रकात या आयसीचा १०० वॉटचा मीटर काढून दाखवला आहे आणि त्याच्या दहा दिव्यांसमोर आकडे लिहिले आहेत: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३, ६, १२, २५, ५०, १००. पहिल्या दिव्यापासून दहाव्यापर्यंत नऊ दुपटी, म्हणजे ५१२ पट. एवढा मोठा पल्ला वीतभर लाकडी पट्टीवर मावतो, आणि तरी कोठे गर्दी वाटत नाही.

या आयसीला एक सख्खा भाऊ आहे, एलएम३९१४. बाहेरून दोघे सारखेच. तेच अठरा पाय, तीच जोडणी. फरक पोटातल्या शिडीचा. ३९१४च्या सगळ्या पायऱ्या समान उंचीच्या. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे, ज्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले. तिथल्या पाण्याची उंची दिव्यांनी दाखवायची असेल तर हा भाऊच कामाचा, कारण पाणी एक मीटर चढले म्हणजे एकच मीटर चढले, तळाशी असो की काठाशी. कानाचे तसे नाही. एका वॉटवर आणखी एक वॉट घातला तर कान तो फरक टिपतो; पन्नासांवर एक घातला तर त्याला पत्ताही लागत नाही. त्याला वाढ कळते ती पटीत. ताकद दुप्पट झाली, म्हणजे ३ डेसिबल वाढली, की आवाज थोडा चढल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला तो सुमारे दुप्पट वाटायला ताकद दहापट करावी लागते. म्हणजे आपल्या पट्टीवर साधारण सव्वातीन दिवे चढले की कान म्हणतो, दुप्पट झाले. समान पायऱ्यांची शिडी स्पीकरला लावली तर एखाद-दोन दिवे सतत जळत राहतील आणि बाकीचे कायमचे उपाशी. दुपटीच्या शिडीवर मात्र हळू आलापापासून कडाडणाऱ्या थापेपर्यंत सगळ्यांना आपापली जागा मिळते. दहा रेझिस्टरांनी श्रवणेंद्रियाचा स्वभाव ओळखावा, याचे आपण जितके कौतुक करू तितके थोडेच.

आता ही पट्टी हातात घेऊन आपण नारायणगावला जाऊ. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे जुन्नर तालुक्यातले गाव तमाशाची पंढरी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे; तमाशा-कलावंत विठाबाईंच्या नावापुढे ते आडनावासारखे कायमचे जोडले गेले. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा-कमिटीची मंडळी येतात, सुपाऱ्या ठरतात, आणि मग चैत्रापासूनच्या यात्रांत फड गावे पालथी घालतात. फडाचा आवाज आता स्पीकरांच्या थप्प्यांतून येतो. अशा आवाजाच्या तारांना आपला दहा दिव्यांचा मीटर जोडला आहे असे समजू आणि फक्त दिव्यांकडे पाहू.

सलामीला ढोलकी आणि हलगी समोरासमोर येतात. ढोलकीची थाप पडते आणि पट्टी एका झटक्यात नवव्या दिव्यापर्यंत उसळून तळाला येते. हलगीची कडकड सुरू झाली की सातव्या-आठव्याच्या आसपास दिव्यांची नुसती थरथर उरते. गण सुरू होतो, तुणतुण्याची एकच तार एकाच ठिकाणी टिचकत राहते, आणि खालचे तीन-चार दिवे असे स्थिर होतात की कोणी विसरून चालू ठेवले असावेत. गवळणीत मावशी बोलू लागली की पट्टी मोकळी श्वास घेते: वाक्याला चढते, विरामाला उतरते, आणि टाळ्या मिळवणाऱ्या वाक्याच्या आधी क्षणभर पूर्ण विझते, कारण हसवणाऱ्याला तेवढी उसंत हवीच असते. वगातल्या राजाच्या गर्जनेला दिवे वर जातात, झीलकऱ्यांनी सूर उचलला की वरच थांबतात. डोळ्यांनी पाहिलेले हे संगीत कानांनी ऐकलेल्यापेक्षा कमी खरे नसते. उलट, थाप किती उंच आणि किती क्षणिक असते, सूर किती बुटका आणि किती चिवट असतो, हा भेद दिवे जितका स्वच्छ दाखवतात तितका कान क्वचितच वेगळा काढतो.

एवढ्यात एक बारीक गोष्ट नजरेतून निसटू नये. पट्टीचे सगळे पेटलेले दिवे सारखे तेजस्वी नसतात; खालचे भरगच्च, वरचे फिके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, वरचे दिवे कमअस्सल मिळाले. खरे तर हा या मीटरचा सर्वांत देखणा गुण आहे, आणि तो काहीतरी घातल्यामुळे नव्हे, काहीतरी गाळल्यामुळे आला आहे. एकेरी दिशेने वाहणारा स्थिर दाब करून घेण्यासाठी मीटरांत सहसा डायोडचा रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावतात. इथे आवाजाची लाट जशीच्या तशी आयसीच्या पाचव्या पायावर सोडली आहे. लाट वर गेली की दिवे चढतात, शून्याखाली गेली की विझतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडते म्हणून डोळ्याला सलग उजेड भासतो. एखादा शुद्ध स्वर घ्या, ज्याचे शिखर नेमके दहाव्या दिव्याला टेकते. तळाचा दिवा जवळजवळ अर्धा वेळ जळतो, आठवा एक तृतीयांश वेळ, नववा पाव वेळ, आणि दहावा शिखराच्या निमिषापुरता. म्हणजे उंचीवरून आपल्याला शिखर वाचता येते आणि तेजावरून सरासरी. एकाच पट्टीवर दोन मीटर! जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या व्हीयू मीटरचा काटा सुमारे ०.३ सेकंद घेऊन आपल्या जागी पोचे. तो सरासरी सांगे आणि थाप गिळून टाकी. आपला दिवा थाप गिळत नाही, फक्त हलक्या आवाजात सांगतो.

दिवे निम्म्याहून अधिक वेळ विझलेलेच असल्यामुळे त्यांना प्रवाह थोडा सढळ द्यावा लागतो, ३० मिलिअँपियरच्या आसपास. इथेही रचनेची एक खुबी चाखून पाहावी. एलईडी म्हटले की प्रत्येकामागे एक रेझिस्टर, हे आपल्या हातांना सवयीने माहीत असते; इथे दहा दिव्यांमागे एकही नाही. आयसी आतून १.२५ व्होल्टचा एक अढळ संदर्भ देतो. त्याला ३९० ओहमचा एक आणि २.७ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर लावला की संदर्भ १० व्होल्टपर्यंत उचलला जातो आणि शिडीचा माथा तिथे टेकतो. त्याच ३९० ओहममधून जो प्रवाह वाहतो त्याच्या सुमारे दहापट प्रवाह प्रत्येक दिव्याला मिळतो. म्हणजे मापाची उंची आणि उजेडाची मात्रा या दोन्ही गोष्टी दोन किरकोळ रेझिस्टरांच्या हवाली. पुण्याच्या तपकीर गल्लीत अशा रेझिस्टरांची किंमत विचारताना संकोच वाटावा!

तिसरा महत्त्वाचा रेझिस्टर स्पीकरच्या तारेवर बसतो आणि तो स्पीकर पाहून बदलतो: ४ ओहमच्या स्पीकरला १० किलोओहम, ८च्याला १८, १६च्याला ३०. पाचव्या पायापासून जमिनीला मात्र नेहमी १० किलोओहम. या तीन आकड्यांत वरवर काही नाते दिसत नाही. पण करून पाहू. १०० वॉटला ४ ओहमवर २० व्होल्ट लागतात, ८वर २८.३, १६वर ४०. पुन्हा तेच! २० ते २८.३ ते ४०, दोनाच्या वर्गमुळाची तीच पावले, जी आयसीच्या पोटातल्या शिडीत होती. आणि १०, १८, ३० हे आकडे नेमके त्या तिन्ही व्होल्टेजांना कापून शिडीच्या माथ्याशी, १० व्होल्टला, आणून सोडतात. एकच सूत्र आत मापाला आणि बाहेर जोडणीला लागू पडावे, हा योगायोग नव्हे. पण तो योगायोगासारखा आनंद देतो.

मात्र रसिकाने भाबडे असू नये. हा मीटर वॉट मोजत नाही, व्होल्टेज पाहून वॉटचे अनुमान करतो. ८ ओहम ही स्पीकरची पाठीमागे छापलेली ओळख. प्रत्यक्षात त्याचा अडथळा स्वरागणिक बदलतो. शिवाय दिव्यासमोरचे १०० हे शिखराच्या निमिषातले १०० आहेत. शुद्ध स्वर तिथवर जातो तेव्हा त्याची सरासरी ५० भरते. अँप विकणाऱ्याच्या पेटीवरचे आकडे आणि आपल्या पट्टीवरचे आकडे यांचा तंटा लागतो तो इथेच, आणि माझे मत पट्टीच्या बाजूने आहे. एक इशारा मात्र व्यवहाराचा: अँप ब्रिज पद्धतीचा असेल, जसे गाड्यांतले बहुतेक असतात, तर स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यातली एक जमीन समजून मीटरला आणि दोघांच्या सामाईक पुरवठ्याला जोडली तर अँपचा अर्धा भाग जळू शकतो. मीटरला स्वतःचा, कोठेही न बांधलेला पुरवठा द्यावा. १० व्होल्टच्या माथ्यासाठी आयसीला १२ व्होल्ट लागतातच. दिव्यांना त्याहून कमी दिले तर आयसीचे अंग फारसे तापत नाही.

सोल्डरगन हातात घेतल्यावर जो भाग सुरू होतो त्याच्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ज्याने केले आहे त्याला माहीत आहे. पण आयसीच्या पायांची मांडणी पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. उजव्या हाताच्या रांगेत अठराव्या पायापासून दहाव्यापर्यंत नऊ दिवे शिस्तीत उभे आहेत, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत. पहिला दिवा तेवढा पलीकडच्या रांगेत, पाय क्रमांक एकवर, पुरवठा आणि संदर्भ अशा कारभारी मंडळींच्या शेजारी. बोर्डावर नऊ तारा समांतर निघतात आणि दहावी आयसीच्या डोक्यावरून वळसा घालून त्यांच्या टोकाला येऊन बसते. सुबक हाताने केलेला मीटर ओळखायचा तर ही एक तार पाहावी. नववा पाय आणखी गमतीचा: तो पुरवठ्याला जोडला तर खालपासून वरपर्यंतची पूर्ण पट्टी पेटते, मोकळा सोडला तर फक्त वरचा एक ठिपका. आवाजासाठी पट्टीच घ्यावी. लाट तशीच आत सोडलेली असताना ठिपका सगळ्या दिव्यांवरून धावत सुटतो आणि डोळ्याला नुसता धुरळा दिसतो.

पट्टीचे वाचन तसे फार पुरातन आहे, आणि त्यासाठी जुन्नरकराला दूर जायला नको. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायींची, नाण्यांची मोजदाद त्यात अंकांनी केली आहे, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्याची गणना होते. तिथे एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. चारापासून मात्र खूण बदलते, आणि पुढे दहा, शंभर, हजार यांना आपापली चिन्हे मिळतात, कारण हजार रेघा खडकात कोण खोदणार? आपला मीटर रेघेवरच थांबला आहे. वाचायला शिकावे लागू नये म्हणून त्याने अक्षर टाळले. पण हजाराची अडचण त्यालाही होतीच. ती त्याने वेगळ्या वाटेने सोडवली: रेघ तीच ठेवली आणि प्रत्येक रेघेचे मोल खालच्या रेघेच्या दुप्पट केले.

ही युक्ती किती लांब पोचते ते पाहायचे तर नारायणगावाहून खोडदला जावे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, तिथे आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्यांच्या जाळीतून वारा आणि उजेड आरपार जातो, रेडिओलहरी मात्र अडतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरते आणि शाळा-कॉलेजातली मुले आपापले प्रकल्प मांडून उभी राहतात. असा दिव्यांचा मीटर एखाद्या टेबलावर शोभून दिसेल अशीच ती जागा आहे. एका तालुक्यात, काही किलोमीटरांच्या अंतरावर, एकीकडे रात्रभर शेकडो वॉट उधळणारा फड आणि दुसरीकडे मोबाईलसुद्धा बंद करायला लावून आकाशातली कुजबुज वेचणारी दुर्बीण! ही कुजबुज जान्स्कीत मोजतात. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झच्या पट्ट्यात, एका वॉटचा १ वर २६ शून्ये एवढा अंश. हा आकडा मनात धरता येत नाही. पण आपल्या पट्टीवर मांडून पाहू. प्रत्येक दिवा निम्म्याने उतरतो. एका वॉटपासून त्या अंशापर्यंत उतरायला ८६-८७ दिवे पुरतात. एलईडी दाटीने बसवले तर अर्ध्या मीटरची फळी! ढोलकीच्या थापेपासून दीर्घिकेच्या निःश्वासापर्यंतचे अंतर एखाद्या शाळकरी मुलाला दप्तरात घालून नेता यावे, ही दुपटीची किमया.

म्हणूनच मिरवणुकांतल्या अनेक पेट्यांवर जे निळे-जांभळे दिवे धावताना दिसतात त्यांच्याशी आपल्या मीटरची सोयरीक जोडू नये. त्यातले कित्येक आवाजाशी बांधलेलेच नसतात. गाणे थांबले तरी ते नाचतात. उजेड आहे, पण साक्ष नाही. साक्ष देणारा मीटर ध्वनिवाल्यालाही हवासा वाटायला हरकत नाही. दहावा दिवा वारंवार भरून येऊ लागला की अँपची लाट माथ्यावर कापली जाण्याची वेळ जवळ आली, आणि कापलेली लाट कर्कश तर होतेच, वर छोट्या ट्वीटरांची कॉइल जाळते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ते डेसिबल हवेतल्या आवाजाचे, स्पीकरपासून ऐकणाऱ्यापर्यंतच्या अंतराने बदलणारे; आपली पट्टी ते सांगत नाही. पण एक दिवा खाली उतरणे म्हणजे ताकद निम्मी करणे आणि श्रोत्याला जेमतेम जाणवणे, हे ती रोज डोळ्यांसमोर शिकवते.

आणि घरात? हीच पट्टी घरच्या अँपला लावून आपल्या नेहमीच्या आवाजात गाणे लावले की एक सुखद फजिती होते. १०० वॉटचा म्हणून मिरवून आणलेला अँप पहिल्या तीन-चार दिव्यांतच रमलेला दिसतो. बऱ्याच घरगुती स्पीकरांतून एक वॉट सोडला तर एक मीटरवर ८८-९० डेसिबलचा आवाज येतो, आणि बैठकीच्या खोलीला तो पुष्कळ झाला. भीमसेन जोशींचा खर्ज पहिल्या दोन दिव्यांत मावतो, तबल्याची थाप पाचव्या-सहाव्याला शिवून येते, आणि वरचे तीन-चार दिवे महिनोन् महिने अंधारात असतात. तेव्हा ज्याला हा मीटर करायचा आहे त्याने दुकानातून दहाऐवजी वीस एलईडी घ्यावेत, एकाच प्रवाहावर एकेक पेटवून पाहावेत, आणि त्यांतले सर्वांत सारख्या तेजाचे चार वेचून तळाला बसवावेत. वरचे थोडे उणे-अधिक असले तरी चालतील. लाल रंग दहाव्यालाच ठेवावा, आणि पलीकडच्या रांगेतून वळसा घालून येणाऱ्या पहिल्या दिव्याच्या तारेला सोल्डर मारताना घाई करू नये, कारण रोज संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ जळणार आहे तो तोच.